पालखी गेली, सिनेमा लागला

आमच्या यवतला वर्षातून एक दिवस असा येतो, की त्या दिवशी गावात चूल विझतच नाही. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी लोणी काळभोरचा मुक्काम आटोपून आमच्याकडे येते आणि सगळं गाव पिठलं-भाकरीच्या कामाला लागतं. घराघरांतून भाकरी थापल्या जातात, पाट्या भरभरून काळभैरवनाथाच्या देवळात जातात आणि तिथे मोठाल्या कढयांत पिठलं रटरटत असतं. यवतची पिठलं-भाकरी वारकऱ्यांमध्ये फार प्रसिद्ध आहे बरं का! पण दुसऱ्या दिवशी सकाळी पालखी वरवंडकडे निघाली, की गाव एकदम सुनंसुनं होतं. लग्नघरातून वऱ्हाड निघून गेल्यावर होतं ना, अगदी तस्सं.

अशाच एका सुन्या संध्याकाळी आमच्या घरात भांडण जुंपलं.

भांडणाचा विषय : आज सिनेमा कुठला बघायचा? बाहेर पाऊस होता. आमचे चिरंजीव सातवीत, पालखीसाठी खास पुण्याहून आलेली माझी भाची नववीत. दोघांचं आपसात पटेना. तेवढ्यात दिवसभर भाकरी थापून हात दुखत असलेल्या आजीने, म्हणजे माझ्या आईने, खाटेवरून आवाज दिला, "तुकारामाचा लावा की. कालच तर येऊन गेले."

"आजीऽऽ! तो ब्लॅक अँड व्हाईट आहे!" दोघं एका सुरात ओरडली. या एका मुद्द्यावर मात्र त्यांची एकजूट झाली.

आता या भांडणात न्यायाधीश मी. आणि माझी लायकी काय? सिनेमावर बोलणारी विद्वान माणसं असतात, त्यांतला मी नव्हे. रोज आगगाडीने पुण्याला नोकरीला जायचं-यायचं, जाता-येता मोबाईलवर अर्धा-अर्धा सिनेमा बघायचा, असा मी साधा प्रेक्षक. पण बघण्याची खोड जुनी आहे. लहानपणी जत्रेत तंबूचा सिनेमा यायचा. ट्रकमधून मशिन यायचं, ऊस काढलेल्या रानात तंबू ठोकला जायचा, बायका एकीकडे आणि पुरुष एकीकडे. तिकिटाला पैसे नसले तर आम्ही पोरं तंबूच्या मागच्या बाजूला कनातीच्या फटीला डोळा लावायचो. पडदा मागून दिसायचा, त्यामुळे नावं सगळी उलटी आणि हिरो डावखुरा! रीळ बदलायला मशिन थांबलं, की शिट्ट्यांनी रान डोक्यावर घ्यायचं. मोठा झाल्यावर वाचलं, की पडद्यावर एका सेकंदाला चोवीस चित्रं सरकतात आणि आपल्या डोळ्यांना ती हलल्यासारखी वाटतात. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपतं. म्हणजे तीन तासांच्या सिनेमाला किती रिळं? करा हिशेब!

'माहेरची साडी' मी असाच तंबूत पाहिला. सिनेमा १९९१चा. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून बायका ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून आल्या होत्या. अलका कुबलचे हाल बघून अख्खा तंबू हुंदके देत होता आणि मी मात्र कंटाळून वाळूत रेघोट्या ओढत होतो. माझं मत आजही तेच आहे. आईचंही तेच आहे. दोन्ही मतं जुळत नाहीत, एवढंच.

तर निकाल असा दिला : दर रविवारी एक सिनेमा, पाळीपाळीने. एका रविवारी जुना, एका रविवारी नवा. आणि पहिली पाळी, हात दुखत असल्याबद्दल, आजीची.

'संत तुकाराम' १९३६चा. आमच्यापासून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर, पुण्यात, प्रभात कंपनीच्या स्टुडिओत तो तयार झाला. विष्णुपंत दामले आणि साहेबमामा फत्तेलाल हे दिग्दर्शक, तुकोबा झाले विष्णुपंत पागनीस. १९३७ साली इटलीतल्या व्हेनिसच्या महोत्सवात जगातल्या तीन उत्तम चित्रपटांत त्याची गणना झाली. प्रभातच्या त्याच जागेत १९६०पासून सिनेमा शिकवणारी सरकारी संस्था आहे. ही माहिती मी मोठ्या रुबाबात पोरांना दिली. त्यांनी जांभया दिल्या.

सिनेमा सुरू झाला. पहिली दहा मिनिटं हळूहळू खुसफूस चालली होती. मग पडद्यावर जिजाई आली.

ही तुकोबांची बायको. गौरी नावाच्या बाईंनी ती केली आहे. काय केली आहे म्हणून सांगू! नटी वाटतच नाही. आमच्या आळीतली कुणीतरी म्हैस बांधता बांधता बोलतीय असं वाटतं. नवरा देवाच्या नादात घरातलं सगळं वाटून मोकळा होतो, पोरं उपाशी, आणि ही बया थेट विठोबावर करवादते. पोरगं आजारी पडल्यावर तर ती एका हाताने त्याला ओढत नि दुसऱ्या हातात पायताण घेऊन देवळात शिरते, देवाला जाब विचारायला! चिरंजीव आधी खो खो हसले. आजी मात्र हसली नाही.

"हसतो काय रं? पोरांच्या तोंडात काय घालायचं तिनं? अभंग?"

चिरंजीव गप्प. मीही जरा दचकलोच. ज्या बाईने काल दिवसभर तुकोबांच्या माणसांसाठी भाकरी थापल्या, ती आज तुकोबांच्या बायकोच्या बाजूने उभी होती! आणि तिला त्यात काही गैर वाटत नव्हतं. या सिनेमाची गंमत मला तिथे कळली. देव खरा आहे आणि भूकही खरी आहे, दोन्हींना त्यात जागा आहे. शेवटी तुकोबा वैकुंठाला निघतात तेव्हा आपल्याला त्यांचा आनंद होतो आणि मागे राहिलेल्या जिजाईचं काय, म्हणून पोटात कालवतंही.

चमत्काराची दृश्यं पोरांना आवडली, पण "हे कसं केलं असेल?" म्हणून. विमान उडतं, एका शिवाजी महाराजांचे अनेक शिवाजी होतात. तेव्हा संगणक नव्हता, सगळं कॅमेरा आणि हातकौशल्य. आणखी एक गंमत : शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी लिहिलेली एक रचना इतकी बेमालूम जमली, की पुष्कळांना ती खुद्द तुकोबांचाच अभंग वाटली!

ब्लॅक अँड व्हाईटची तक्रार पुन्हा कुणी केली नाही. उलट पुढच्या रविवारी भाचीनेच आणखी जुना काढला. दादासाहेब फाळक्यांचा 'कालिया मर्दन', १९१९चा. मुका सिनेमा. नव्याची पाळी असताना हा जुना का, म्हणून चिरंजीव कुरकुरले, पण तो छोटासा आहे म्हटल्यावर तयार झाले. यातला बाळकृष्ण कोण आहे, ठाऊक आहे? फाळक्यांची मुलगी मंदाकिनी! सुरुवातीला ती नुसत्या चेहऱ्याने राग, हसू, रडू असे भाव करून दाखवते आणि मग कृष्ण होते. त्याआधी सहाच वर्षांपूर्वी, १९१३च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी फाळक्यांना बायकांची कामं करायला एकही बाई मिळाली नव्हती. तारामती झाले होते अण्णा साळुंके! त्यांनीच पुढे 'लंका दहन'मध्ये राम आणि सीता ही दोन्ही कामं केली. भाचीला हे फारच आवडलं. "म्हणजे मामा, तिकडे मुलगा सीता आणि इकडे मुलगी कृष्ण!" ही सगळी धडपड मजेत बघायची असेल, तर परेश मोकाशींचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' बघा. २००९चा आहे. नंदू माधव यांनी फाळके असे उभे केले आहेत, की बायकोपोरांसकट उपाशी राहण्याची पाळी आली तरी या माणसाचा आपल्याला राग येत नाही. (आमच्या आजीला आला. तिचं आता हे नेहमीचंच झालंय.)

पुरुषांनी साडी नेसण्यावरून 'अशी ही बनवाबनवी' आठवणं भागच होतं. १९८८चा. तिथे बाई मिळत नाही म्हणून नव्हे, भाड्याने खोली मिळत नाही म्हणून दोघं साड्या नेसतात. मूळ कल्पना १९६६च्या 'बीवी और मकान' या हिंदी सिनेमावरून घेतलेली, पण वसंत सबनीसांनी संवाद असे लिहिलेत, की आमच्या डब्यातले निम्मे प्रवासी ते पाठ म्हणतात. अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे, सचिन... मी हा किती वेळा पाहिलाय ते सांगत नाही, माझी पत्नी हा अंक वाचते. या खेपेला दोन-चार विनोदांना मात्र भाची शेजारी बसलेली असताना जरा अवघडल्यासारखं झालं. बाकी हसून हसून मुरकुंडी!

नंतरच्या एका रविवारी आम्ही जोडीच लावली. 'श्यामची आई' जुना आणि नवा. साने गुरुजींनी हे पुस्तक नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलं. आचार्य अत्र्यांनी त्यावर १९५३ साली सिनेमा काढला आणि उत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रपती सुवर्णपदक सुरू झालं, तेव्हा ते पहिल्यांदा याच मराठी सिनेमाला मिळालं. सुजय डहाकेंनी पुन्हा २०२३ साली तोच विषय घेतला, आणि तोही ब्लॅक अँड व्हाईट! चिरंजीवांना कळेना. "नवीन असून असा का? रंगाचे पैसे नव्हते का?"

खरं सांगू? मला जुना जास्त भिडला. त्यातले काही संवाद आज भाषणासारखे वाटतात, आवाजही मोठा लागतो. पण वनमालाबाईंची आई आणि माधव वझेंचा श्याम समोर असले, की आपण फारसे दोष काढत बसत नाही. नव्यात सगळं देखणं आहे, फ्रेम करून भिंतीवर लावावं असं. मीच मधूनमधून त्या देखणेपणाकडे बघत राहिलो आणि आईकडे बघायचं राहून गेलं. भाचीचं मत बरोबर उलटं. तिला नवा श्याम खरा वाटतो आणि जुन्यातला पाठांतर म्हटल्यासारखा. आम्ही जेवणापर्यंत वाद घातला. मिटला नाही.

'टिंग्या' मात्र सगळ्यांनीच शेवटपर्यंत पाहिला, म्हणजे चिरंजीव सोडून. मंगेश हाडवळेंचा हा सिनेमा २००८चा, आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर भागातला. बिबट्यासाठी खणलेल्या खड्ड्यात चितंग्या नावाचा बैल पडतो, जायबंदी होतो. आता तो कामाचा नाही, बटाट्याच्या लागणीला पैसा नाही, म्हणून त्याला विकायचं ठरतं. टिंग्याचा प्रश्न साधा आहे : घरातलं म्हातारं माणूस आजारी पडलं तर आपण त्याला विकतो का? शरद गोयेकर या खेड्यातल्या मुलाने टिंग्या केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

मध्येच चिरंजीव उठले आणि गोठ्यात जाऊन बसले. आमच्याकडे एकच गाय आहे, तिच्याशेजारी. मी बोलवायला गेलो नाही. मी सहावीत असताना आमचा खिलारी बैल बाजारात नेला, तेव्हा मी धान्याच्या कणगीमागे लपलो होतो. ट्रॅक्टर भाड्याने मिळायला लागला होता, बैल पोसणं परवडत नव्हतं, वडिलांचं काही चुकलं नव्हतं. टिंग्याच्या वडिलांचंही चुकत नाही. कुणीच वाईट नाही आणि तरीही वाईट होतं, असे सिनेमे बघायला फार जड जातात बघा.

त्यामानाने 'एलिझाबेथ एकादशी' हलका. पुन्हा परेश मोकाशीच, साल २०१४. पंढरपूरचा ज्ञानेश, त्याच्या वडिलांनी स्वतः बनवलेली एलिझाबेथ नावाची सायकल, आईचं विणकामाचं मशिन कर्जापायी अडकलेलं. सायकल विकायची वेळ आल्यावर पोरं कार्तिकीच्या यात्रेत चोरून दुकान मांडतात. आम्ही पालखीवाल्या गावची माणसं, त्यामुळे यात्रेतली गर्दी बघताना "अस्संच असतं!" असं दर दोन मिनिटांनी कुणीतरी म्हणत होतं.

आता माझी पाळी आली. मी 'फॅन्ड्री' लावला. (पालकांच्या कानात : यात शिव्या आहेत. मुलं मोठी असतील तर दाखवा, पण शेजारी बसून.)

यवतच्या स्टेशनावरून गाडीने दौंडच्या पुढे सोलापूरकडे जायला लागलं, की करमाळा तालुक्यातलं जेऊर लागतं. नागराज मंजुळे तिथले. 'फॅन्ड्री' २०१४ साली थिएटरात आला. कैकाडी भाषेत फॅन्ड्री म्हणजे डुक्कर. गावाबाहेर राहणारा जब्या, शाळेत जाणारा, वर्गातल्या शालूवर जीव असलेला, काळ्या चिमणीच्या मागे रानोमाळ हिंडणारा. आणि गावाने त्याच्या घरच्यांवर टाकलेलं काम म्हणजे डुकरं पकडणं. सोमनाथ अवघडे या मुलाने तो केला, त्यालाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

मी तो तेव्हा पुण्यात एका थिएटरात पाहिला होता. शेवटी शेवटी जब्याचं सगळं घर शाळेजवळ डुक्कर पकडायला पळतंय. गाव भोवती जमलंय, क्रिकेटची मॅच असावी तसं ओरडतंय, कॉमेंट्री चाललीय. थिएटरात आम्हीही हसत होतो. माझ्या शेजारचे हसत होते, मी हसत होतो. डुक्कर हाताशी येतं न येतं तोच शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या जागच्या जागी ताठ उभा राहतो, त्याचं बघून घरचे उभे राहतात आणि डुक्कर आपलं सावकाश निघून जातं. याला तर मोठाच हशा पिकला. आणि मग शेवट. चिडवणाऱ्यांवर जब्या दगड भिरकावतो. तो दगड सरळ आपल्याकडे येतो आणि पडदा काळा होतो.

थिएटरात एकदम शांतता झाली. मला कळलं, दगड मलाच मारलाय. जब्याला हसणाऱ्या गर्दीत मी तिकीट काढून बसलो होतो.

घरी बघताना मी पडद्याकडे कमी आणि पोरांकडे जास्त बघत होतो. ती हसतात का बघत होतो. मॅचवाल्या प्रसंगाला चिरंजीव हसले. मग माझ्याकडे पाहून विचारलं, "बाबा, इथे हसायचं असतं ना?"

काय सांगणार? "मी हसलो होतो," एवढं खरं ते सांगितलं.

दगड आल्यावर कुणी काही बोललं नाही. भाची उठून पाणी प्यायली. मग रात्री अंथरुणं घालताना चिरंजीव हळूच म्हणाले, "आमच्या वर्गात पण एकाला आम्ही एका नावाने हाक मारतो." कुणाला, कुठल्या नावाने ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पण बराच वेळ तो जागा होता. मीही.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर त्याने दप्तर टाकलं आणि आल्या आल्या विचारलं, "जब्याने तो दगड मारल्यावर पुढे काय झालं असेल?" सिनेमात ते नाही, असं मी म्हणालो. "मला माहितीये नाही ते," तो म्हणाला, "मी विचारतोय झालं असेल काय."

तुम्हीही जरा विचार करा. मला अजून नीट उत्तर सुचलेलं नाही.

त्यानंतर 'नाळ'चे दोन्ही भाग झाले, २०१८चा आणि २०२३चा. पहिल्यातला श्रीनिवास पोकळेचा चैत्या सगळ्यांचा लाडका झाला. दुसऱ्या भागात तो सख्ख्या आईच्या गावाला जातो आणि तिथली त्याची धाकटी बहीण चिमी त्याला काही केल्या जवळ करत नाही. सिनेमा मधे थोडा रेंगाळतो, पण चिमी पडद्यावर आली की सगळं माफ. ते काम केलेली चिमुरडी त्रिशा ठोसर २०२५ साली साडी नेसून राष्ट्रीय पुरस्कार घ्यायला गेली तेव्हाची चित्रफीत आजीने स्वतः मोबाईल मागून घेऊन चार वेळा पाहिली. मोबाईल वाईट, डोळे जातात, हे तिचं मत त्या दिवसापुरतं तिने बाजूला ठेवलं होतं.

आता येता रविवार पुन्हा आजीचा. तिने आपली निवड आधीच जाहीर करून टाकली आहे : 'माहेरची साडी'. भाची खास पुण्याहून येणार आहे. चिरंजीवांनी एका मित्राला बोलावू का म्हणून विचारलंय. मी हो म्हटलंय, आणि बसायला माझ्यासाठी दाराजवळची जागा राखून ठेवली आहे. अंगणात वाळूचा ढीग आहेच.